बांबू जिथे अडला

शैला, मंगळवारी दुपारी पलासियाच्या ऑफिसात टेबलाशी बसलेली असताना तू गेलीस. जवळच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या कागदावर कारण लिहिलं आहे : हृदयविकाराचा झटका.

बुधवारी आमच्या पेपरात तुझी बातमी आली. आतलं पान, एक कॉलम. जन्म, शिक्षण, कामं, मागे वडील आहेत, एवढं. ती मीच फोनवरून हिंदीत सांगितली होती, म्हणून इथे पुन्हा सांगत नाही. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर पूर्ण पानाची जाहिरात होती. मिलच्या जमिनीवर उभं राहिलेलं नवं व्यापारी संकुल, दोन टॉवर, त्यांना जोडणारा काचेचा पूल, पुलावर कॉफी पिणारी गोरी माणसं. पुलाच्या पलीकडे, चित्रात लहानसं, आपलं शेड. जाहिरात तू जाण्याआधीच छपाईला गेली होती, हे मी तपासलं. तेव्हा या योगायोगासाठी मी कुणाला दोष देत नाही. बाकीच्यासाठी देते.

इंदूरबाहेरचं कुणी हे वाचेल म्हणून शेडाबद्दल सांगते. तुला हे ऐकायची गरज नाही, तरी ऐक. आपल्या गावात अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात. चाकांच्या गाड्यावर लाकडाचा उंच ढाचा, त्यावर हलणारे पुतळे, हजारो दिवे. कापडाच्या मिल चालू होत्या तेव्हा प्रत्येक मिलची झांकी असायची आणि सगळं शहर रस्त्यावर यायचं. मिल बंद पडल्या. माग भंगारात गेले, चिमण्या पाडल्या, कामगार म्हातारे झाले. झांकी निघतच राहिली. वर्गणी गोळा करायची, ज्याला जमेल त्याने खिळे आणायचे, आणि मिलच्या सुतारखात्याच्या जुन्या शेडात ढाचा उभा करायचा. बाहेरगावच्या संपादकांना मी हे दरवर्षी समजावते. ते दरवर्षी विचारतात, मिल बंद आहे ना, मग झांकी कुणाची?

हाच प्रश्न मी शाळेत तुला उलटा विचारला होता. तुमचं घर महूचं, आजोबा फौजेत. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. तुमच्याकडे गणपती कधीच बसला नाही. मग तुझे अप्पा झांकी कशी बनवतात? तू घरी जाऊन अप्पांना विचारलंस आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उत्तर आणलंस. अप्पा म्हणाले होते, "बेटा, झांकी देवाची असेल तर असेल. माझ्यासाठी ती खात्याची आहे. तिच्यावर माझा रंधा चाललाय." सुतारखात्यातले अप्पा ढाचा बांधायचे, पुतळ्यांना हात लावायचे नाहीत. पुतळे करणाऱ्यांनाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

आणि बांबू. मिल-मिलमध्ये उंचीची चढाओढ असायची, म्हणून झांकी ठरल्यापेक्षा दरवर्षी उंच व्हायची. सगळं ठरलं की शेवटी कुणीतरी वर एक कळस नाहीतर छत्री चढवायचंच. मग विजेच्या तारा आडव्या यायच्या, झाडाच्या फांद्या यायच्या. यावर अप्पांचा उपाय साधा होता. ढाचा पूर्ण झाला की ते त्याच्या उंचीचा बांबू तोडायचे आणि आदल्या दिवशी दुपारी तो उभा धरून सगळ्या रस्त्याने चालायचे. बांबू गेला म्हणजे झांकी जाणार. बांबू अडला की तिथे तारा उचलायला माणूस नेमायचा. तू बांबूचा खालचा भाग धरून त्यांच्याबरोबर चालायचीस. शाळेतली पोरं ओरडायची, "ए शैली, झेंडा कुठाय?"

पुढे त्यातलाच एक बांबू तुझ्या पलासियाच्या ऑफिसच्या जिन्यात उभा होता, खालच्या मजल्यापासून वरच्या कठड्यापर्यंत. क्लायंट विचारायचे, "मॅडम, ये क्या है?"

"स्केल," तू म्हणायचीस आणि पुढे काही सांगायची नाहीस.

मी उद्योग-व्यापाराच्या बातम्या करत आले, तू इमारती करत आलीस. मी नवखी होते तेव्हा छत्रीबागेतल्या आमच्या घरी जमिनीवर ड्रॉइंग पसरून तू मला नकाशा वाचायला शिकवलंस. मी आधी क्षेत्रफळ शोधत होते. तू माझं बोट उचलून दुसरीकडे ठेवलंस. "एरिया तर ब्रोशरमध्ये पण असतो. आधी बघ, माणूस आत कुठून येतो आणि बाहेर कुठून जातो. तिथेच सगळी चोरी असते." या एका वाक्यावर मी इतकी वर्षं नोकरी केली आहे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच समोसे मागितले असतेस.

आपल्या डोळ्यांदेखत हे शहर सरकत गेलं. कारखाने महूच्या पलीकडे पिथमपूरला गेले आणि मिलवाल्यांची मुलं पहाटे कंपनीच्या बसने तिकडे जायला लागली. धंदा राजवाड्याच्या गल्ल्यांतून एम. जी. रोडला आला, मग पलासियाला, मग ए. बी. रोडच्या मॉलमध्ये, मग बायपासला, मग सुपर कॉरिडॉरवर. प्रत्येक वेळी मी 'शहराचे नवे केंद्र' अशा मथळ्याची बातमी दिली. तू फोन करायचीस, "निमा, तुझं केंद्र फिर खिसकलं ग." मी चिडायचे. तू म्हणायचीस, चिडू नको, पुढच्या वर्षासाठी मथळा सांभाळून ठेव, कामाला येईल.

या सगळ्या सरकण्यात मिलच्या जमिनी मात्र जागच्या जागी होत्या, शहराच्या पोटात, रेल्वेलाइनला लागून. ज्या दिवशी माग भंगारात गेले त्या दिवसापासून त्यांच्याकडे सगळ्यांची नजर होती. एकामागून एक जमीन उद्योगाची व्यापारी झाली. आपल्या मिलची पाळी आली तेव्हा कागदावर तिला मोकळी जमीन म्हटलं होतं. ती मोकळी नव्हती. तिच्यावर शेड होतं, शेडात ढाचा होता, आणि ढाच्याला दरवर्षी हात लावणारी म्हातारी माणसं होती. त्यांनी हरकत घेतली.

तेव्हा बिल्डरने तुला बोलावलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, सगळे त्याला सेठजी म्हणतात, मीही तेच म्हणते. शहरात तुझ्याहून मोठी नावं होती. त्याला अप्पांची मुलगी हवी होती. हे मी तुला तेव्हाच सांगितलं. तू म्हणालीस, "मला माहितीये ग. पण मी नाही घेतलं तर मुंबईचा कोणी तरी घेईल, त्याला शेड म्हणजे काय ते पण माहीत नसेल."

मिलच्या गेटवर कामगारांची बैठक झाली. मी बातमीसाठी हजर होते. सेठजी हात जोडून म्हणाले, "शेड रहेगा. झांकी यहीं से निकलेगी." कुणी मान हलवली नाही. मग तू उभी राहिलीस आणि मराठीत, हिंदीत, जसं येईल तसं बोललीस. नकाशा दाखवला. शेड मधल्या चौकात, समोर मोकळा रस्ता, जुन्या गेटपर्यंत वर काही नाही, फक्त आभाळ. मागच्या रांगेतून कुणी विचारलं, "बाई, ये आपकी जुबान है के सेठजी की?"

तू म्हणालीस, "मेरी."

त्या शब्दावर हरकत मागे घेतली गेली. मी ती बातमी केली. बातमीत तुझं वाक्य आहे.

काचेचा पूल नंतर आला. बांधकाम अर्ध्यावर होतं. मुंबईच्या सल्लागारांनी सेठजींना सांगितलं की दोन टॉवर जोडले तर वरच्या मजल्यावरच्या दुकानांना भाव येईल. पूल टाकायचा कुठे, तर शेड आणि गेटच्या मधे, नेमक्या त्या मोकळ्या रस्त्यावरून. शेडाला दुसरी वाट नाही. मागे रेल्वेलाइन, दोन्ही बाजूंना टॉवर. हे ठरवायला बोलावलेल्या बैठकीला तू जिन्यातला बांबू घेऊन गेलीस. जीपच्या टपावर बांधून. वातानुकूलित खोलीत तो उभा राहीना, म्हणून तू सगळ्यांना बाहेर उन्हात काढलंस आणि पुलाची पातळी जिथे येणार होती तिथे शिडी लावून भिंतीच्या गिलाव्यावर खडूने रेघ मारून तिला टेकून बांबू उभा केलास. रेघेच्या वर बांबू किती उरला ते सगळ्यांनी पाहिलं. सल्लागार हसले. सेठजी म्हणाले, "मॅडम, दमकल की गाडी आराम से निकल जाती है, और क्या चाहिए?"

"आगीच्या बंबावर कळस नसतो, सेठजी."

हे तू मला पोहे खाता खाता सांगितलंस, सगळ्यांचे आवाज काढून, आणि आपण दोघी हसलो. मला आज त्या हसण्याचा राग येतो.

मी म्हटलं, उद्या छापते. तू प्लेट खाली ठेवलीस. "नको. छापलंस तर मला काढतील. मी आत आहे म्हणून शेड आहे."

"शेड आहे. वाट नाही."

"वाट मी काढतेय ना!"

तुझी वाट अशी होती : पुलाचा मधला गाळा, म्हणजे मधला तुकडा, बोल्टवर बसवायचा. वर्षातून एकदा, अनंत चतुर्दशीला, क्रेन आणून तो उचलायचा, झांकी गेली की परत ठेवायचा. तू ड्रॉइंग केलंस. ते मी पाहिलं, तू शिकवल्यासारखं पाहिलं, माणूस आत कुठून येतो आणि बाहेर कुठून जातो. बरोबर होतं. सेठजी म्हणाले, "हो जाएगा." गेल्या वर्षी मधला गाळा अजून उघडा होता. झांकी त्यातून, आजूबाजूच्या सळयांना घासत, बाहेर पडली. तू मला तिथूनच फोन केलास. मागे ढोल वाजत होते, तू ओरडत होतीस, "बघ, बोललो होतो ना!" तू आनंदात असलीस की मुलासारखं बोलायचीस.

'हो जाएगा.' या शहरात या दोन शब्दांवर किती काय उभं आहे आणि किती पाडलं आहे, याची बातमी कुणी करत नाही. मीही केली नाही. नोंदणी होते, सौदे होतात, जमिनीचा वापर बदलतो, शेतांच्या कॉलोन्या कापल्या जातात, आणि मधे सगळीकडे कुणी तरी कुणाला तरी 'हो जाएगा' म्हटलेलं असतं. तुझ्यासारख्या बाईने, जी एका रेघेच्या जाडीवरून ठेकेदाराशी भांडायची, तिने या दोन शब्दांवर वर्षभर काढलं. मी हे तुला तोंडावर म्हटलं आहे. तू म्हणालीस, "तुला ना, दर माणूस आरोपी वाटतो."

आपलं शेवटचं नीट भांडण याच्यावर झालं. पावसात तू आजारी पडलीस. ताप उतरेना, साइटवर जाणं बंद. मी भेटायला आले तेव्हा पुन्हा विषय काढला. तू उशीला टेकून बसली होतीस, अप्पा मोसंबी सोलत होते. मी म्हटलं, लेखी घे. तू म्हणालीस, लेखी मागितलं म्हणजे विश्वास नाही असा अर्थ होतो, मग काम कसं करायचं. मी म्हटलं, विश्वास नाहीच आहे. तू अप्पांकडे वळलीस. "अप्पा, हिला सांगा ना काही." अप्पांनी मोसंबीची फोड माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दोघी बरोबर बोलता. आधी खा." तो विषय तिथे तुटला. मी नंतर फोन करणार होते. तू बरी झाल्यावर करू म्हटलं.

आता जे कळलं ते सांगते. दोघांकडून खात्री करून घेतली आहे, पुलाचं काम करणाऱ्या ठेकेदाराकडून आणि गेटवरच्या गार्डकडून. तू घरी होतीस त्या काळात मधल्या गाळ्यावर लोखंडी गर्डर पडले, वर पत्रा, वर काँक्रीट. बोल्टवर बसणारा भाग कधी मागवलाच गेला नव्हता. ठेकेदार म्हणाला, मला तसं ड्रॉइंगच मिळालं नाही. काँक्रीटवर फरशी बसली, बाजूला काच लागली. तू सोमवारी सकाळी, आजारानंतर पहिल्यांदा, साइटवर गेलीस. गार्डने सांगितलं, मॅडम पुलाखाली उभ्या राहून वर बघत होत्या. कुणाशी बोलल्या नाहीत. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. मग रिक्षा करून गेल्या.

मंगळवारी तू गेलीस. सोमवारचा आणि मंगळवारचा काही संबंध आहे असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. म्हणून मीही सांगत नाही. फक्त सोमवारनंतर मंगळवार आला, एवढं लिहिते.

आणि तू मला फोन केला नाहीस, शैला. सोमवारची पूर्ण दुपार होती, संध्याकाळ होती. एखादी टाइल चुकीची लागली तरी मला फोन करणारी तू. मी 'सांगितलं होतं ना' म्हणेन असं वाटलं का तुला? म्हटलं असतं. आणि मग तुझ्याकडे आले असते, रिक्षाने, तुझ्या आवडीची कचोरी घेऊन. तुला हे माहीत होतं. तरी नाही केलास. या रागाचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

त्यात एक दुसरी गोष्ट सारखी आठवते. अन्नपूर्णाजवळच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला गेलो आणि वर्षभरात आईचे पाय गेले. व्हीलचेअर आली, पण इमारतीच्या दाराला पायऱ्या. सोसायटीत मी अर्ज दिला, बैठका झाल्या, चहा झाले. तू एका रविवारी एक गवंडी आणि सिमेंटची गोणी घेऊन आलीस आणि कुणाला न विचारता उतार घालायला सुरुवात केलीस. सेक्रेटरी बनियानवर खाली धावत आले. "मॅडम, परमिशन किसने दी?"

तू वर पाहिलं नाहीस. "भिया, ये सूखने में टाइम लगेगा, तब तक परमिशन ले आओ."

आई पुढच्या आठवड्यात त्या उतारावरून देवळात गेली. शेवटची दोन वर्षं ती रोज बाहेर पडली ती तुझ्यामुळे. दुसऱ्याच्या पायऱ्यांवर परवानगीशिवाय सिमेंट ओतणारी तू, स्वतःच्या कामात तोंडी शब्दावर कशी राहिलीस? विचारायचं राहिलं.

रविवारी तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांत माणसं, त्रिशरण, पंचशील. मिलचे सगळे म्हातारे आले होते, भिंतीला टेकून बसले होते. कुणी अप्पांना शेडाबद्दल काही म्हणालं नाही. तुझ्या शब्दाबद्दलही नाही. अप्पा एकेकाचा हात धरत होते आणि कुणाच्याही डोळ्यांकडे बघत नव्हते. तुझ्या 'मेरी'चा भार त्या दिवशी त्यांच्यावर आला होता. तू नव्हतीस ना.

मग सेठजी आले. सोबत चार माणसं, पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र, फोटोग्राफर. तुझ्या फोटोला नमस्कार करून ते माइकवर गेले. म्हणाले, हे संकुल म्हणजे शैला मॅडमचं स्वप्न होतं. म्हणाले, पूल ही त्यांचीच कल्पना, जुन्याला नव्याशी जोडणारी. गणेश चतुर्थीला उद्घाटन आहे, त्या दिवशी पुलाला मॅडमचं नाव देणार आहोत, पितळेच्या अक्षरांत. मग अप्पांसमोर येऊन वाकले. "बस, आपका आशीर्वाद चाहिए, काका."

मी अप्पांच्या शेजारी बसले होते. माझ्या हातात पेन होतं, सवयीने. अप्पांनी सेठजींकडे पाहिलं. मग हिंदीत म्हणाले, मोठ्याने नाही, पण माइक चालू होता :

"पहले उसके नीचे से झांकी निकल जाए. फिर नाम लिख लेना."

सेठजी हसले, अप्पांच्या गुडघ्याला हात लावून म्हणाले, "हो जाएगा, काका." भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण उठून बाहेर गेला. मग दुसरा.

सोमवारी मी बातमी लिहिली. शब्द दिला होता तो, पूल, बोल्टचा गाळा, ठेकेदाराचं म्हणणं. संकुलाचं म्हणणं विचारायला फोन केला. उत्तर मिळालं की पुलाचं डिझाइन स्वर्गीय मॅडमचंच आहे आणि त्यांच्या स्मृतीला वादात ओढू नये. ते मी जसंच्या तसं बातमीत घातलं. बातमी संपादकांकडे आहे. त्यांनी ती नाकारलेली नाही. उद्घाटनापर्यंत जाहिराती आहेत, असं मला सांगण्यात आलं. म्हणून हे मराठीत, इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव अंकासाठी लिहिते आहे, जो फार थोडे लोक वाचतात. आपण दोघी नेहमी मराठीतच भांडायचो, तेव्हा तुला चालेल.

बुधवारी अप्पा तुझ्या ऑफिसात गेले. किल्ली माझ्याकडे होती, मी बरोबर होते. टेबलावर तुझा चष्मा होता. अप्पांनी त्याला हात लावला नाही. जिन्यात गेले, बांबू वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि म्हणाले, "निमा, खालून धर." आम्ही तो टेम्पोवर बांधला. पलासियाच्या सिग्नलला एका मोटारसायकलवाल्याने विचारलं, "काका, मंडप है क्या?" अप्पा म्हणाले, "हां बेटा. आ जाना."

संकुलाच्या गेटवर गार्डने ओळखून आत सोडलं. पुलाखाली अप्पांनी बांबू उभा केला. म्हणजे करायला गेले. तो उभा राहिला नाही, काचेच्या खालच्या लोखंडाला टेकून तिरपा राहिला. अप्पांनी तसाच तो दोन पावलं पुढे नेला. लोखंडावर बांबूच्या टोकाची खरवड उमटली. मग ते शेडात गेले. तिथे म्हातारे काम करत होते, या वर्षीचा ढाचा जवळजवळ उभा होता, पुतळे अजून चढले नव्हते.

अप्पांनी विचारलं, "कळस चढवला?"

"नाही अजून. उंची कमी करायची का, दादा? तुम्ही सांगाल तसं."

त्या माणसाने हे प्रेमाने विचारलं होतं. तुझी लाज राखायला ते ढाचा कापायला तयार होते. अप्पांनी ढाच्याच्या खांबावरून हात फिरवला. मग म्हणाले, "चढवा."

काल, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, दुपारी चाकांना तेल देऊन ढाचा शेडाबाहेर काढला गेला. रिकामा, पुतळ्यांशिवाय, कळसासकट. दोर ओढायला मिलचे वीसेक जण होते. अप्पा पुढे होते, हातात काही नव्हतं. ढाचा पुलापर्यंत आला, कळसाखालचा आडवा दांडा लोखंडाला लागला, लाकूड करकरलं, आणि गाडा थांबला. कुणी मागे ओढू लागलं तेव्हा अप्पांनी हात वर केला. "राहू दे."

त्यांनी चाकांखाली दगड लावायला सांगितले. लावले गेले. पार्किंगमधून वर येणारी एक गाडी अडली, मग तिच्या मागे दुसरी. गार्ड धावत आला. तोच गार्ड, ज्याने तुला पाणी विचारलं होतं. "काका, हटा लो ना. मेरी नौकरी चली जाएगी."

दोर धरलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "अरे भिया, हमारी तो इसी गेट से गई थी." सगळे हसले. गार्डही हसला.

संध्याकाळी सेठजींचा मुलगा आला. आधी विनंती, मग पोलिसांचं नाव, मग परत विनंती. अप्पा पुलाखाली खुर्चीवर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "वो बीच वाला हिस्सा कब खोल रहे हो?" मुलगा फोनवर बोलत बाजूला गेला.

आज सकाळी पितळेची अक्षरं घेऊन आलेला टेम्पो गेटबाहेर उभा होता. ढाच्यामुळे पुलापाशी शिडी लावता येईना, म्हणून तो परत गेला. उद्घाटन उद्या सकाळी आहे. ते पुढे ढकलल्याची घोषणा झालेली नाही. हे लिहून संपवेपर्यंत ढाचा पुलाखालीच उभा होता, चाकांखाली दगड होते, आणि आत जायचा रस्ता बंद होता.